उरलेले चार टक्के

“आजपासून जो कोणी या देशाकडे वाकड्या नजरेनं पाहील, त्याला आमचं उत्तर थेट त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मिळेल!”

संरक्षणमंत्र्यांनी समुद्रकिनाऱ्यावरच्या मांडवात हे वाक्य उच्चारलं आणि जमलेल्या मंडळींनी टाळ्यांचा कडकडाट केला. आपण भाषणात बोललेलं खरं होण्याची मंत्र्यांना अजिबात सवय नव्हती. त्यामुळे थोड्याच वेळात कुणीतरी कानाशी लागून सांगितलं, की साहेब, क्षेपणास्त्र खरोखरच एका स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत गेलंय, तेव्हा सगळ्यांत मोठा धक्का त्यांनाच बसला.

स्वयंपाकघर शेजारच्या देशातलं होतं, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. पण त्या दिवशी कुणाला उत्तर वगैरे द्यायचं नव्हतं, कारण प्रश्नच कुणी विचारला नव्हता. साधी चाचणी होती. क्षेपणास्त्रानं समुद्रावर एक वळसा घ्यायचा आणि पाण्यात नांगरून ठेवलेल्या एका जुन्या पडावावर जाऊन आदळायचं, एवढंच ठरलेलं. त्याच्या पोटात स्फोटकांऐवजी सिमेंटचा ठोकळा भरलेला होता.

खिडकीच्या आत एक म्हातारा वाटाणे सोलत बसला होता. ठोकळा त्याच्या डोक्यावरून निघून गेला आणि भिंतीवरची डब्यांची फळी त्याच्या डोक्यावर आली. बायको गच्चीत कपडे वाळत घालत होती म्हणून वाचली. म्हाताऱ्याला दवाखान्यात नेलं. तेव्हापासून तो बेशुद्ध होता, आणि दोन्ही देशांची शुद्ध हरपलेली होती.

हे असं कसं झालं ते सांगायचं तर सुरुवात टक्क्यांपासून करावी लागेल.

दोन्ही देशांची हवा एक, भाषा एक, सर्दीसुद्धा एकच. एकाला शिंक आली की दुसरा तिचा निषेध नोंदवायचा. अशात शेजाऱ्यांनी घरच्या घरी बनवलेलं क्षेपणास्त्र उडवलं आणि ते ब्याण्णव टक्के देशी असल्याचं जाहीर केलं. मग आपण आपलं उडवलं. ते शहाण्णव टक्के निघालं. शेजाऱ्यांनी आठवडाभर नव्यानं मोजणी केली आणि ते एकशे दोनवर गेले. वरचे दोन टक्के कुठून आले, असं एका पत्रकारानं विचारलं, तेव्हा ते निर्यातीसाठी राखून ठेवलेत असं उत्तर मिळालं.

आपल्याकडे तातडीची बैठक बसली. क्षेपणास्त्र पुन्हा खोललं. पत्रे देशी, तारा देशी, स्क्रू देशी, स्क्रू हरवले की शोधणारी माणसंही देशी. मग हे चार टक्के परके दडून बसलेत कुठे? शेवटी प्रकल्पाच्या संचालकांना ते सापडले. बटणांवर लिहिलेले शब्द परदेशी होते, आणि नियंत्रण कक्षात एकमेकांवर ओरडायचे शब्दही परदेशी होते. उरलेले चार टक्के म्हणजे शब्द.

म्हणून मास्तरांना बोलावणं गेलं.

मास्तर निवृत्त भाषाशिक्षक. सरकारला शब्द घडवून देण्यात त्यांची उमेदीची वर्षं खर्ची पडली होती. नळाला पाणी येईना तेव्हा त्याला ‘जलसंयम’ म्हणायचं हे त्यांनी सुचवलं. शाळेचं छप्पर उडालं तेव्हा तिला ‘अंशतः मुक्त वास्तू’ म्हणायचं हेही त्यांचंच. पकडून नेलेल्या माणसाला सरकारी कागदात ‘संरक्षित अतिथी’ म्हणतात, तोही मास्तरांचा शब्द. त्यांच्या शब्दांनी कुणाचं भलं झालं नव्हतं, पण झालेलं वाईट ऐकायला बरं वाटायचं.

योगायोग असा, की त्याच प्रकल्पात मास्तरांची सून बटणांवर बसत असे. हात स्थिर, डोकं थंड, बोलणं मोजकं. मास्तर घरी शब्द घडवायला बसले तेव्हा ती म्हणाली होती, “बाबा, माझ्यासमोर दोनच मोठी बटणं असतात. एक दाबलं की ते मागे फिरतं, दुसरं दाबलं की दुसरी वाट धरतं. एकावर ‘मागे’ लिहा आणि दुसऱ्यावर ‘दुसरीकडे’. माझी सोय होईल.”

“सूनबाई, क्षेपणास्त्र आहे ते, रिक्षा नाही,” मास्तर म्हणाले. “मागे घ्या, मागे घ्या, असं ओरडणार का तुम्ही?”

मग एका बटणावर ‘परावर्तन’ आलं आणि दुसऱ्यावर ‘परिवर्तन’. पूर्वी बटणं लाल आणि पिवळी होती. पण ते शेजाऱ्यांच्या झेंड्याचे रंग निघाले, त्यामुळे दोन्ही एकाच राष्ट्रीय निळ्या रंगात रंगवून घेतली. मंत्र्यांनी शंभर टक्के जाहीर केले.

चाचणीच्या दिवशी वळसा घेताना क्षेपणास्त्र किंचित डुललं. संचालकांनी ध्वनिवर्धकात तोंड घालून हुकूम सोडला, “परावर्तन!” ध्वनिवर्धकही शंभर टक्के देशी होता. त्यातच बाहेर मंत्र्यांच्या त्या वाक्याला टाळ्या पडत होत्या. सुनेच्या कानांवर आलं ते ‘परिवर्तन’. तिनं ‘परिवर्तन’ दाबलं. क्षेपणास्त्रानं आज्ञाधारकपणे दुसरी वाट धरली. दुसरी वाट कोणती, हे त्याला आधीच शिकवून ठेवलेलं होतं, कारण जुन्या पडावावर डोकं आपटण्यासाठी काही त्याला जन्माला घातलं नव्हतं. त्या वाटेच्या टोकाला शेजाऱ्यांचा क्षेपणास्त्रांचा कारखाना होता. कारखाना थोडक्यात हुकला. कारखान्यामागच्या वसाहतीतली खिडकी हुकली नाही.

शेजाऱ्यांनी निवेदन काढलं. म्हातारा दगावला तर उत्तर दिलं जाईल. कुठे ते आत्ता सांगणार नाही, पण स्वयंपाकघरं तुमच्याकडेही आहेत. त्या संध्याकाळपासून आपल्याकडे घरोघरी शेगड्या खिडकीपासून हलवायला सुरुवात झाली. काही जणांनी न्हाणीघरात स्वयंपाक मांडला. शेगडी कुठे ठेवायची यावरून नवराबायकोंची इतकी भांडणं झाली, की शेजारी देशाला काही करायची गरजच उरली नाही, असं एक वकीलसाहेब म्हणाले. त्यांच्याकडे त्या दिवसांत फार गर्दी असे.

आता चूक कुणाची, हे ठरवणं आलं. मंत्र्यांनी ते चहा थंड व्हायच्या आत ठरवलं.

“यंत्राची चूक असू शकत नाही, ते शंभर टक्के देशी आहे. म्हणजे माणसाची. बटणावर कोण होतं?”

बटणावर मास्तरांची सून होती. तिची आजी लग्न होऊन पलीकडून इकडे आली होती, हेही मग लगेच सापडलं. सूनबाईंनी शत्रूवर क्षेपणास्त्र टाकलं, तर त्यात शत्रूचा फायदा काय, असं कुणाच्या तरी मनात येणारच. पण त्याचंही उत्तर तयार होतं. आपलं सगळ्यांत मोठं गुपित तिनं शत्रूला घरपोच दिलं. अगदी ओट्यावर.

तिला अटक झाली नाही. ती ‘संरक्षित अतिथी’ झाली. आणि तिच्याबद्दल ठरलं ते असं: म्हातारा शुद्धीवर येऊन बोलला, तर सूनबाईंची चौकशी घरातल्या घरात करून तिला सोडायचं. म्हातारा गेला, तर तिला पलीकडे सुपूर्द करायचं. म्हणजे त्यांचंही समाधान होईल आणि आपल्या खिडक्याही शाबूत राहतील. पलीकडे तिचं काय होईल, हे कुणी विचारलं नाही. त्याला अजून शब्द घडवलेला नव्हता.

*

मास्तरांच्या घरचा दूरध्वनी सरकारनं बंद करून ठेवला होता. दाराबाहेर खडूनं कुणीतरी लिहून गेलं होतं, ‘घरपोच सेवा’. मास्तरीणबाईंनी ते ओल्या फडक्यानं पुसलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. समोरच्या घरची बाई एरवी साखर मागायला यायची. आता ती दाराला आतून साखळी लावून साखरेशिवाय चहा पीत होती.

मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, चष्म्याचे नंबर काढायचा. गिऱ्हाईक येईनासं झालं, तसा तो घरी बसून बायकोचा कामावरचा पोशाख इस्त्री करायला लागला. रोज तोच पोशाख. घडी मोडायचा, पुन्हा पाणी शिंपडायचा, पुन्हा इस्त्री. कुणाशी बोलत नसे.

मास्तर बोलत होते. फार बोलत होते.

“परा आणि परि! अगं, जमीनअस्मानाचा फरक आहे. एक उपसर्ग उलट दिशेचा, एक सगळीकडून वेढणारा. कान जागेवर असलेल्या माणसाला हे कळणारच.”

“म्हणजे आपल्या सुनेचे कान जागेवर नाहीत,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

“मी तसं म्हणालो का?”

“मग काय म्हणालात? थांबा. बसा तिथेच.”

त्या न्हाणीघरात गेल्या. दार लोटलं, नळ सोडला, बादलीत पाणी धो धो पडायला लागलं. मग त्यांनी आतून ओरडून काहीतरी विचारलं.

“परिवर्तन!” मास्तर बाहेरून म्हणाले.

पुन्हा आवाज.

“परावर्तन! हे बघ, अगदी स्वच्छ.”

तिसऱ्यांदा आवाज आला.

“परिवर्तन. शंकाच नाही.”

मास्तरीणबाई हात पुसत बाहेर आल्या. “पहिल्यांदा मी परावर्तन म्हणाले. दुसऱ्यांदा परिवर्तन. आणि तिसऱ्यांदा म्हणाले, मोरी तुंबलीय.”

इस्त्री थांबली. मुलानं पहिल्यांदाच मान वर करून बापाकडे पाहिलं. रागावलेला नव्हता तो. गिऱ्हाइकाला भिंतीवरचं सगळ्यांत मोठं अक्षरही वाचता आलं नाही, की तो जसा बघायचा तसं बघत होता.

मास्तर उठले. चपला शोधायला लागले.

“कुठे निघालात?”

“मंत्र्यांकडे. शब्द चुकलाय असं सांगतो. सुनेचा दोष नाही, शब्द माझा आहे.”

“अहो, शर्ट तरी उलटा घातलाय तो सुलटा करा,” बाई म्हणाल्या, आणि मग स्वतःच पुढे होऊन त्यांनी गुंड्या सोडल्या आणि पुन्हा लावल्या. “काही अवघड बोलू नका तिथे. साधं बोला.”

*

मंत्र्यांकडे जायची वेळच आली नाही. कोपऱ्यावरच मास्तरांना न्यायला सरकारी गाडी आली. पलीकडच्यांना एक निरोप द्यायचा होता, आणि त्यात ‘चूक’, ‘माफी’ आणि ‘क्षेपणास्त्र’ हे तीन शब्द येऊ द्यायचे नव्हते. असं वाक्य घडवणारा दुसरा माणूस देशात नव्हता.

ज्या खोलीत मास्तरांना नेलं, तिथे एक लांब टेबल होतं आणि टेबलावर एकच दूरध्वनी. तो पलीकडच्या देशातल्या तसल्याच टेबलावरच्या दूरध्वनीला जोडलेला होता. इकडे जे अधिकारी बसत त्यांना सगळे फोनसाहेब म्हणत. तिकडेही एक फोनसाहेब होते. कोणती चाचणी कधी, होड्या कुठे नेऊ नका, विमानं कुठून वळवा, असं एकमेकांना कळवण्यात दोघांची सगळी नोकरी सरली होती. दोघंही एकमेकांना ‘पलीकडचे’ म्हणत, आणि दोघांचंही बरोबर होतं. भेटले कधी नव्हते, पण एकमेकांचा खोकला ओळखत.

मंत्री होते. संचालक होते, त्यांचा आवाज त्या दिवसापासून बसला होता, आणि तो बसायला थोडा उशीरच झाला होता. आणि भिंतीशी लोखंडी स्टुलावर सूनबाई बसली होती. बाहेर गाडी उभी होती. पलीकडून वाईट बातमी आली तर वेळ जायला नको, म्हणून तिला इथे आणून ठेवलेलं.

मास्तर तिच्याजवळ गेले. कुणी अडवलं नाही. अतिथीला भेटायला मनाई नसते.

“जेवतेस ना?”

“हो बाबा.” तिचे हात मांडीवर होते. स्थिर हाताची म्हणून तिला निवडली होती. आता एका हातानं दुसरा धरून ठेवला होता. “बाबा, मी कुठला शब्द ऐकला ते मला आता आठवत नाही. रोज विचारतात. सकाळी जो विचारतात तोच ऐकल्यासारखा वाटतो आणि दुपारी दुसरा विचारला की तो. परवा एकजण म्हणाला, तू मुद्दाम दाबलंस. तेही ऐकल्यासारखं वाटायला लागलंय.”

मास्तरांनी वळून मंत्र्यांना म्हटलं, “साहेब, ते शब्दच चुकलेत. माझ्या बायकोनं मोरीतून सिद्ध केलंय.”

“मास्तर,” मंत्री समजुतीच्या सुरात म्हणाले, “शब्द चुकले असं म्हटलं, की आपण शहाण्णववर येतो. पलीकडचे एकशे दोनवर आहेत. सहा टक्के! तुमची सून तुम्हाला प्यारी आहे, मला कळतं. मलाही एक सून आहे. पण देशाचे सहा टक्के, मास्तर!”

“तुमची सून कुठे असते?”

“परदेशात. विषय बदलू नका. वाक्य लिहा.”

मास्तरांनी वाक्य लिहिलं. हाताला सवय होती, ते झरझर आलं. फोनसाहेबांनी रिसीव्हर उचलला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून टेबलावरचा कर्णा चालू केला.

“नमस्कार पलीकडचे. म्हातारबुवा कसे आहेत?”

“नमस्कार. तसेच आहेत,” कर्ण्यातून घोगरा आवाज आला. “घसा कसाय तुमचा?”

“बरा आहे. अधिकृत निरोप आहे, लिहून घ्या.” फोनसाहेबांनी कागद डोळ्यांसमोर धरला. “आमच्या एका उड्डाणशील वस्तूने आपल्या प्रदेशास अनियोजित सान्निध्य दिले, याची आम्ही सस्नेह नोंद घेत आहोत.”

पलीकडून हळू आवाजात प्रश्न आला, “सैन्य दिले? अनियोजित सैन्य?”

“नाही नाही. सान्निध्य.”

“तेच म्हणतो मी. किती सैन्य? कुठून?”

“अहो सान्निध्य! सा! न! नि!”

“मी वर कळवलंय,” पलीकडचे म्हणाले. त्यांचा आवाज आता अधिकृत झाला होता, आणि तो ऐकून फोनसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. “वरचे माझ्या शेजारीच उभे होते. सैन्य म्हणाल्यावर थांबले नाहीत. अहो, काय करून बसलात? आमच्याकडे झाकणं काढायला लागलेत.”

झाकणं म्हणजे क्षेपणास्त्रांची झाकणं. संचालकांनी तोंड उघडलं, पण आवाज नव्हता. मंत्री फक्त एकदा खिडकीकडे पाहून खिडकीपासून दोन खुर्च्या लांब सरकले. बाहेर रस्त्यावर एक फेरीवाला डब्याच्या झाकणांना नवीन रबरं लावून देतो म्हणून ओरडत चालला होता, आणि त्याच्या आरोळीतला शब्दन् शब्द आत ऐकू येत होता.

मास्तरांनी फोनसाहेबांच्या हातातून रिसीव्हर ओढून घेतला.

“हॅलो! ऐका, सैन्य नाही. कुणी येत नाहीये. आमचं चुकलं. क्षेपणास्त्र चुकून तुमच्याकडे आलं. मागे फिरवायचं होतं, ते पुढे गेलं. दोन शब्द सारखे झाले, ते मी केलेत. मी इथला मास्तर. बटण दाबणारी माझी सून आहे, ती इथे माझ्यासमोर स्टुलावर बसलीय. तुमच्या म्हातारबुवांना लागलं, त्याची माफी मागतो. झाकणं लावायला सांगा.”

एवढी सोपी वाक्यं त्या तारेवरून इतक्या वर्षांत गेली नव्हती. तारेलाही ती पेलायला जरा वेळ लागला असावा.

“चुकलं म्हणालात?” पलीकडचे म्हणाले.

“चुकलं. चकारातलं. चहातला च नाही, चमच्यातला च.”

“कळलं, कळलं. थांबा.”

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. दूर पळत जाणारी पावलं ऐकू आली. मग पुष्कळ वेळ काहीच नाही.

“तुम्ही ‘चुकलं’ म्हणालात?” मंत्र्यांनी अखेर विचारलं.

“हो.”

“सरकारी फोनवरून?”

“घरचा तुम्ही बंद केलाय.”

मंत्र्यांनी हात वर केला. दारातले दोन शिपाई पुढे आले आणि मास्तरांच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले. आणखी एक स्टूल आणलं. मास्तर सुनेच्या शेजारी बसले. आपण घडवलेल्या शब्दात आपणच राहायला आलो, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं, पण सून काही विचारत होती.

“बाबा, आईंनी तुम्हाला एकट्याला येऊ दिलं?”

“शर्ट सुलटा करून दिला.”

ती हसली नाही, पण तिनं आपला एक हात सोडवून त्यांच्या हातावर ठेवला.

*

“हॅलो, पलीकडचे?” कर्ण्यातून धाप लागलेला आवाज आला. “झाकणं अर्धी लावली. अर्धी अजून उघडीच आहेत, काही जणांचं मत पडलं की एवढी उघडलीयत तर.”

“तर काय?” फोनसाहेबांनी विचारलं.

“तर काही नाही. बैठक बसलीय.” मग आवाज खाली आला. “मास्तर आहेत का तिथे? मास्तर, तुमच्या सुनेला इकडे आणून आम्ही काय करणार? मला सांगा. माझी बायको म्हणते, आणताय तर तिच्या जेवणाचं मी बघणार नाही. पण वरच्यांचं ठरलंय. म्हातारा गेला, की त्यांना ती हवी. आमच्या हातात काही नाही. सगळं म्हाताऱ्यावर आहे.”

“कसा आहे तो?” मास्तर स्टुलावरून ओरडले.

“सकाळपासून बोटं हलवतोय. डॉक्टर म्हणतात, इकडे नाहीतर तिकडे, आजच. दवाखान्यातला फोन जोडून देऊ का? आमच्याकडचे सगळे तिथेच आहेत. त्याचं पहिलं वाक्य आमच्या मास्तरांनी लिहून ठेवलंय.”

“तुमच्याकडेही मास्तर आहेत?”

“आहेत की. वाक्य मी वाचलं. मला काही कळलं नाही, पण भयंकर आहे.”

खटखट झाली आणि कर्ण्यातून एक मोठी खोली ऐकू यायला लागली. खुर्च्या सरकत होत्या, कुणीतरी कुणाला मागे हो म्हणत होतं, बूट वाजत होते, छायाचित्रकार भांडत होते. त्या सगळ्यातून एका बाईचा दमलेला आवाज: “अहो, एवढ्या माणसांनी श्वास घेतला तर त्यांनी कुठला घ्यायचा? सरका!” ती म्हाताऱ्याची बायको असणार. सरकण्याचा आवाज आला नाही.

मंत्री उठून उभे राहिले. का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. संचालकही उठले. शिपाई आधीच उभे होते. बाहेरच्या गाडीचं इंजिन कुणीतरी चालू केलं, कदाचित आतलं ऐकून, कदाचित उगीच. सुनेच्या बोटांनी मास्तरांचा हात इतका आवळला की त्यांची अंगठी रुतली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना सुचण्यासारखा एकही शब्द नव्हता.

“नाडी उतरतेय,” पलीकडे कुणीतरी म्हणालं.

दोन देश एका तारेच्या दोन टोकांना कान लावून उभे होते, आणि मधे एक म्हातारा.

“थांबा!” बाईचा आवाज. “ओठ हलवतायत. अहो, मी आहे. मीच आहे. हे सगळे तुमच्यासाठीच आलेत. काय म्हणताय?”

“रिसीव्हर तोंडाजवळ धरा!” पलीकडचे ओरडले.

“वाक्य द्या त्यांना, वाक्य!” तिकडचा कुणी मोठा माणूस ओरडला, आणि कागद फडफडला.

मंत्र्यांनी डोळे मिटले. गाडीचं इंजिन धडधडत होतं. सून उठून उभी राहिली होती, शिपायांना न विचारता.

म्हाताऱ्यानं घसा साफ केला. बारीक, पण अगदी स्पष्ट आवाज आला.

“तेवढा पंखा जरा कमी करता का कुणी?”